खणखणीत आवाजाची चपटी तार : एका लोकप्रिय गैरसमजाचे खंडन

१/ १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश बँडने आपल्या जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम केला. त्या रात्री स्टीव्ह हॅरिसच्या बेस गिटारमधून घोड्याच्या टापांसारखा खडखडणारा, धातूचा लख्ख आवाज मैदानभर पसरत होता. तो आवाज ज्या प्रकारच्या तारांतून निघतो, त्या प्रकाराला बाजारात आणि वादकांच्या गप्पांत ‘दबका’, ‘मंद’, ‘आजोबांच्या काळातला’ अशी विशेषणे लावली जातात. त्या तारा फ्लॅटवाउंड असतात.

२/ मग चूक कोणाची? हॅरिसच्या तारांची, की विशेषणांची? ‘फ्लॅटवाउंड म्हणजे दबका आवाज, उजळ आवाज हवा असेल तर राउंडवाउंडखेरीज गत्यंतर नाही’ हे वाक्य आज इतक्या वेळा उच्चारले जाते की ते जणू निसर्गनियम ठरले आहे. तो नियम नव्हे. एका विशिष्ट काळातील वाद्यरचना, ध्वनिमुद्रण आणि वादनपद्धती यांचे सारे गुणदोष एकट्या तारेच्या माथी मारून बनवलेले ते अर्धसत्य आहे. या धाग्याचा विषय तेच अर्धसत्य.

३/ प्रथम परिभाषा. बेस गिटारच्या तारेच्या गाभ्यात पोलादी तार असते आणि तिच्याभोवती दुसरी तार गुंडाळलेली असते. गुंडाळणारी तार गोल छेदाची असेल तर ती राउंडवाउंड. बोट फिरवले की खाचा लागतात. गुंडाळणारी तार चपट्या फितीसारखी असेल तर ती फ्लॅटवाउंड. बोट आरशावरून फिरावे तसे सरकते. गोल तार गुंडाळून नंतर पृष्ठभाग घासून सपाट केलेली ‘हाफराउंड’ आणि वरून नायलॉनची पट्टी असलेली ‘टेपवाउंड’ या निराळ्या जाती आहेत. या चौघींना एकाच नावाने हाक मारण्यातून निम्मा गोंधळ जन्माला आला.

४/ प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते आधीच मान्य केले पाहिजे. दोन्ही तारा नव्या असतील, धातू व जाडी सारखी असेल आणि वाद्य व हात तेच असतील, तर राउंडवाउंड अधिक उजळ वाजते. चपट्या फितीचे वेढे एकमेकांना चिकटून बसतात, तार वाकताना त्यांच्यात घर्षण होते आणि वरचे उपस्वर लवकर विरतात. शिवाय गोल वेढ्यांवरून बोट सरकताना होणारी खरखरही आवाजाच्या तेजात भर घालते. परंतु ‘अधिक उजळ’ या तुलनेवरून ‘दुसरी दबकीच’ हा निष्कर्ष निघत नाही. सह्याद्री हिमालयाहून ठेंगणा आहे, म्हणून कळसूबाईला कोणी टेकाड म्हणत नाही.

५/ आता इतिहास. १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, मानेवर फ्रेट आणि वीजध्वनीसाठी पिकअप. हे वाद्य ज्याची जागा घेणार होते, तो डबल बेस माणसाएवढा उंच, वाहून नेण्यास अवघड आणि ड्रम-गिटारच्या गोंगाटात हरवून जाणारा होता. साहजिकच नव्या वाद्याकडून अपेक्षा जुन्याच आवाजाची होती : भरीव, गोल, पटकन थांबणारा.

६/ ही अपेक्षा पूर्ण करण्याचे काम फेंडर यांनी केवळ तारेवर सोपवले नव्हते. पुलावर धातूचे झाकण असे आणि त्या झाकणाच्या आतल्या बाजूस तारांवर टेकणारा मऊ दाबपट्टा. स्वर वाजला की त्याची शेपूट तिथेच कापली जाई. आज जुन्या ध्वनिमुद्रणांतील ‘ठप्प’ आवाज ऐकून ‘ही फ्लॅटवाउंडची करामत’ असे म्हणणारा, झाकणाखालचा तो पट्टा विसरतो. घराची खिडकी बंद करून उन्हाला दोष देण्यासारखेच हे.

७/ या समजुतीचा सर्वात मोठा साक्षीदार म्हणून नेहमी डेट्रॉइटच्या ‘मोटाउन’ कंपनीचा वादक जेम्स जेमरसन उभा केला जातो. साक्ष तपासून पाहावी. त्याचा १९६२ सालचा प्रिसिजन बेस, त्यावर ला बेला कंपनीच्या जाडजूड फ्लॅटवाउंड तारा : सर्वात बारीक तार इंचाच्या ५२ सहस्रांश, सर्वात जाड ११०. पुलाच्या झाकणाखाली दाबपट्टा. तार तुटल्याखेरीज बदलायची नाही, ही त्याची प्रसिद्ध सवय. आणि उजव्या हाताचे एकच बोट, तर्जनी, जिला सहकाऱ्यांनी ‘हुक’ असे नाव दिले होते.

८/ आता मोजणी करावी. जाड तार : अधिक ताठ, म्हणून उपस्वर कमी. जुनी, मळलेली तार : उपस्वर आणखी कमी. दाबपट्टा : उपस्वर त्याहून कमी. तारेवर मांसल बोटाचा स्पर्श : पिकच्या तुलनेत मऊ. यांत ‘फ्लॅटवाउंड’ हा पाच कारणांपैकी एक घटक ठरतो. पाच जणांनी मिळून केलेल्या कृत्याबद्दल एकालाच सुळावर देणारा न्याय इतिहासलेखनात चालत नाही.

९/ आणि तरीही जेमरसनचा आवाज ‘दबका’ होता काय? मोटाउनमध्ये त्याच्या वाद्याची वायर थेट ध्वनिमुद्रणाच्या मिक्सरला जोडली जाई. तयार गाणे मोटारीतल्या रेडिओसारख्या लहानशा स्पीकरवर तपासून पाहण्याचा तिथे प्रघात होता, कारण गिऱ्हाईक ते तिथेच ऐकणार होते. बेस गिटारच्या सर्वात जाड तारेचा मूलस्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. असल्या चिमुकल्या स्पीकरमधून तो स्वर जवळपास बाहेरच पडत नाही. कानाला ऐकू येतात ते ८२, १२३ आणि त्यावरचे उपस्वर. त्यांवरून मेंदू मूलस्वराची कल्पना करतो.

१०/ म्हणजे जेमरसनच्या तारांत उपस्वर नसतेच, तर अमेरिकेच्या रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारींत त्याचा बेस ऐकूच आला नसता. तो ऐकू आला, एवढेच नव्हे तर गाण्यांची ओळख बनला. त्या बेसची प्रत्येक चाल स्पष्ट, प्रत्येक स्वर सुटा. ‘दबकी तार’ ही उपपत्ती या साध्या वस्तुस्थितीपाशी येऊन कोसळते.

११/ इथे प्रश्न केवळ तारेचा उरत नाही. मोटाउनच्या तबकड्यांच्या वेष्टनावर कित्येक वर्षे वादकांची नावे छापली जात नसत. मार्व्हिन गे याच्या १९७१ सालच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर जेमरसनचे नाव आले, तोवर त्याने कित्येक लोकप्रिय गाण्यांना पाया पुरवला होता. १९८३ साली त्याचे निधन झाले. हयातीत कागदाने त्याचे श्रेय गाळले; आज ‘तो आवाज तारांचा’ असे म्हणणारे तेच श्रेय दुसऱ्यांदा काढून घेतात. पाकिटावर त्याचे नाव छापून विकलेली तार त्याचा हात विकू शकत नाही.

१२/ दुसरी साक्ष लॉस एंजेलिसची. कॅरल के मूळची जॅझ गिटारवादक. १९६३ साली एका ध्वनिमुद्रणास बेसवादक आला नाही म्हणून तिने बेस हाती घेतला आणि त्या शहरातील स्टुडिओंची ती आधारस्तंभ बनली. तिच्या वाद्यावर तारा फ्लॅटवाउंड, तारांवर फेल्टचा तुकडा. मात्र हातात कडक पिक. परिणाम? प्रत्येक स्वराच्या आरंभी टणत्कार, स्वच्छ कडा, आणि मागे भरीव देह. तारांची जात जेमरसनचीच, पण आवाज ओळखू न येण्याइतका निराळा. फरक कशाने पडला? हाताने, पिकने आणि वादकाच्या कल्पनेने.

१३/ आता प्रतिपक्षाचा सर्वात बळकट साक्षीदार : ‘द हू’ या बँडचा जॉन एंटविसल. १९६५ सालच्या ‘माय जनरेशन’ या गाण्यात बेसने एकट्याने केलेली करामत रॉकच्या इतिहासात गाजली. त्यासाठी त्याला डॅनइलेक्ट्रो बेसच्या बारीक, झणझणीत तारांचा आवाज हवा होता. त्या तारा तुटत आणि इंग्लंडमध्ये सुट्या मिळत नसत. म्हणून त्याने तारांसाठी अख्खे नवे बेस विकत घेतले, ही हकिकत त्याने स्वतः सांगितलेली आहे. अखेर ते वादन फेंडरच्या बेसवर झाले, असेही त्याने सांगितले.

१४/ पुढे एंटविसलने तारा बनवणाऱ्या रोटोसाउंड कंपनीच्या जेम्स हाऊ यांच्याबरोबर प्रयोग केले आणि १९६० च्या दशकाच्या मध्यावर ‘स्विंग बेस’ हा राउंडवाउंड संच घडला. पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा गरजणारा हा आवाज खरोखरच नवा होता. त्याचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. एंटविसलने राउंडवाउंडची शक्ती सिद्ध केली. फ्लॅटवाउंडची अशक्तता नव्हे. एका वादकाला जे हवे होते ते मिळाले, याचा अर्थ इतरांना जे मिळत होते ते टाकाऊ होते असा होत नाही.

१५/ राउंडवाउंडच्या तेजाची किंमतही सांगितली पाहिजे. जाको पास्टोरियसने फ्रेट काढलेल्या बेसवर याच गोल वेढ्यांच्या तारा चढवल्या. उघड्या लाकडावर त्या तारा कानशीप्रमाणे घासतात, म्हणून त्याने मानेवर नौकांसाठी वापरल्या जाणाऱ्या इपॉक्सीचा लेप दिला. १९७६ सालच्या त्याच्या पहिल्या अल्बममधील गाता स्वर तार, लेप आणि हात या तिघांचा आहे. इथेही ‘ती तार आणा, तो आवाज मिळेल’ हे सूत्र टिकत नाही.

१६/ आता पुन्हा हॅरिस. पूर्व लंडनच्या या वादकाने १९७५ साली ‘आयर्न मेडन’ उभे केले. त्याच्या नावाने रोटोसाउंड जो संच विकते, तो मोनेल या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचा फ्लॅटवाउंड संच आहे. जाडी ५० ते ११०. म्हणजे जेमरसनच्या तारांच्या जवळपास तितकाच जाड. तो पिक वापरत नाही, बोटांनीच वाजवतो. तारा फ्रेटच्या इतक्या जवळ ठेवतो की जोराचा आघात होताच त्या फ्रेटवर आपटतात. आणि प्रत्येक कार्यक्रमासाठी तारा नव्या.

१७/ यावर हमखास येणारा आक्षेप असा : ‘तो रोज तारा बदलतो म्हणून आवाज उजळ, सामान्य वादकाला हे कसे परवडावे?’ आक्षेप खर्चाबद्दल खरा आहे. परंतु आक्षेप घेणाऱ्याने नकळत वादच सोडून दिला आहे. तार नवी असताना उजळ आणि जुनी झाल्यावर मंद असेल, तर मंदपणा वयाचा झाला, गुंडाळीचा नव्हे. राउंडवाउंडही घाम आणि मळ खाचांत साठला की मंदावते, किंबहुना अधिक वेगाने. फरक इतकाच की मंदावलेली राउंडवाउंड लोक काढून टाकतात आणि मंदावलेली फ्लॅटवाउंड वर्षानुवर्षे जपतात.

१८/ गैरसमजाचे मूळ बहुधा याच सवयीत आहे. ‘फ्लॅटवाउंडचा आवाज’ म्हणून जो ऐकवला जातो तो बहुतेकदा जुन्या, झिजलेल्या फ्लॅटवाउंडचा असतो. आणि ‘राउंडवाउंडचा आवाज’ म्हणून ऐकवला जातो तो नुकत्याच पाकिटातून काढलेल्या तारांचा. म्हातारा पैलवान आणि तरुण पैलवान यांची कुस्ती लावून दोन तालमींची तुलना करण्याचा हा प्रकार आहे.

१९/ तेज एकट्या तारेत नसते, हे मराठी मुलखाला नव्याने शिकवण्याची गरज पडू नये. मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या झाल्या. तिथे तंबोऱ्याची तार तीच राहते. घोडीच्या पृष्ठभागाचा बाक किंचित बदलला, जवारी ‘खुली’ किंवा ‘बंद’ केली, की तोच तंबोरा झगमगतो किंवा शांत होतो. तारेखाली सरकवलेला सुताचा ‘जीव’ केसभर हलला तरी उपस्वरांचा पिसारा फुलतो वा मिटतो.

२०/ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात याचीच दखल घेतली. तार जिथे छेडली जाते त्या बिंदूवरून जे उपस्वर नियमाप्रमाणे अनुपस्थित असायला हवेत, तेही तंबोऱ्यात व वीणेत ऐकू येतात. याचे कारण घोडीच्या रुंद, वक्र पृष्ठभागावर तार टेकत-सुटत राहते, हे त्यांनी दाखवले. हॅरिसची तार फ्रेटवर आपटते तेव्हा यंत्रणा वेगळी असते, पण धडा तोच : तार कशावर आदळते, यावर तिचे तेज अवलंबून असते.

२१/ ध्वनिमुद्रणाचा वाटाही विसरता येत नाही. १९६६ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीटल्सचे ‘पेपरबॅक रायटर’ मुद्रित होत असताना बेस पुरेसा ठळक यावा म्हणून जेफ एमरिक या तंत्रज्ञाने एक मोठा स्पीकर उलट जोडून त्याचाच मायक्रोफोन म्हणून वापर केला. अमेरिकन तबकड्यांइतका दमदार बेस हवा, ही मागणी तिथे तार बदलून नव्हे, तर मुद्रणाची साखळी बदलून पुरवली गेली. जुनी तबकडी ऐकून तारेची जात सांगणाऱ्यांनी या साखळीतील प्रत्येक कडीचा हिशेब आधी द्यावा.

२२/ मग ज्याला फ्लॅटवाउंडचा गुळगुळीत स्पर्श हवा आणि आवाजही उजळ हवा, त्याची मागणी परस्परविरोधी आहे काय? मुळीच नाही. इतिहासाने दाखवलेली वाट अशी : फितीचा धातू स्टेनलेस स्टील असेल तर आवाज सहसा शुद्ध निकेलपेक्षा उजळ येतो, डी’ॲडारिओचा ‘क्रोम्स’ संच याच कारणासाठी ख्यातनाम आहे. जाडी बेताची, म्हणजे ४५ ते १०० च्या आसपास, निवडावी. बारीक तार कमी ताठ असते व उपस्वर मोकळे सोडते. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्ड कंपनीचा निकेलचा संच ताणाला हलका आहे; त्याचे तेज स्टीलसारखे कडक नसून गाते असते.

२३/ तारा चढवताना दोन पथ्ये. बहुतेक फ्लॅटवाउंड तारांचा ताण अधिक असतो, म्हणून मानेतील सळईची जुळणी पुन्हा तपासावी. तार कापण्यापूर्वी कापायच्या जागेअलीकडे ती काटकोनात मोडून घ्यावी, नाहीतर फितीची गुंडाळी गाभ्यावरून सुटते आणि नवी तार पहिल्याच दिवशी मृत होते. दाबपट्टा असल्यास काढावा, टोनचे बटण पूर्ण उघडावे, हात पुलाकडे सरकवावा. एवढे केल्यावरच ‘ही तार मंद आहे’ असा निवाडा देण्याचा अधिकार प्राप्त होतो.

२४/ मर्यादाही स्पष्ट असाव्यात. अंगठ्याने तार आपटून वाजवण्याच्या शैलीतील काचेसारखी किनार किंवा पास्टोरियसच्या नैसर्गिक उपस्वरांची दीर्घ झळाळी ज्याला हवी, त्याने राउंडवाउंडच घ्यावी. वाद दोन तारांतील श्रेष्ठत्वाचा नाही. आक्षेप आहे तो न ऐकता ठरवलेल्या विशेषणावर, आणि त्या विशेषणापायी निवड करण्याचा हक्क आधीच गमावून बसलेल्या नवशिक्या वादकाच्या स्थितीवर.

२५/ इतिहासाच्या अभ्यासकाला ही खोड ओळखीची वाटेल. लढाई जिंकली ती तलवारीने, राज्य बुडाले ते तोफेअभावी, असे म्हणणे सोपे असते. कारण वस्तू डोळ्यांना दिसते, मोजता येते आणि विकताही येते. माणसाचा सराव, त्याचा निर्णय, त्याच्याभोवतीची व्यवस्था यांचे मोजमाप अवघड, म्हणून ते गाळले जाते. तर्जनीच्या एका बोटाने गाण्यांचा पाया घालणारा जेमरसन, पिकच्या टोकाने त्याच जातीच्या तारांना वेगळी वाचा देणारी कॅरल के आणि त्यांनाच टापांचा आवाज देणारा हॅरिस हे तिघे एकाच तारेचे तीन आवाज नाहीत. ते तीन माणसे आहेत.

२६/ तारेचे पाकीट उघडणाऱ्याने त्यावर छापलेली विशेषणे वाचावीत, परंतु विश्वास कानावर ठेवावा. आणि जुन्या गाण्यातील बेस ऐकताना ‘तार कोणती?’ या प्रश्नाआधी ‘वाजवणारे कोण?’ हा प्रश्न विचारावा. त्या प्रश्नाचे उत्तर ज्या वेष्टनांवर छापलेच गेले नाही, ती वेष्टने अद्याप पुष्कळ आहेत.

(धागा समाप्त)